तक्त्यातली लाइन, बर्फावरची लाइन

रविवारी रात्री साडेनऊला उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या जाहीर झाल्या आणि माझ्यासमोर नेमका तोच संघ आला, ज्याला ड्राफ्ट संपला त्याच दिवशी मी मनातल्या मनात पहिला नंबर देऊन टाकला होता. शुक्रवारी रात्रीपर्यंत आपापला युक्तिवाद लिहून पाठवायचा होता. हातात पाच दिवस. त्या पाच दिवसांचा हा हिशोब.

आधी खेळ सांगते. आम्ही सोळा जण आहोत, कॅनडातल्या मिसिसागामधल्या माझ्या ऑफिसातले काही, त्यांचे मित्र, आणि माझा मुलगा ज्या टीममध्ये खेळतो तिथल्या मुलांचे दोघे-तिघे वडील. आइस हॉकीच्या आजवरच्या सगळ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने वीस जणांचा संघ निवडायचा: बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली, म्हणजे गोलरक्षक. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. फेऱ्या नागमोडी जातात, म्हणजे पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटचा, त्याचा दुसऱ्या फेरीत पहिला. ३२० नावं संपली की संघांच्या जोड्या लावतात आणि असं धरायचं की हे दोन संघ सात सामन्यांची मालिका खेळतायत. दोघांनी आपली बाजू मांडायची, उरलेल्या चौदा जणांनी मत द्यायचं. प्रत्येक खेळाडू त्याच्या ऐन भरातला धरायचा, मग तो १९२० च्या दशकातला असो की आत्ताचा.

आणि लाइन म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान डोळ्यांसमोर येतं. इथे बर्फावर एका वेळी गोली, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड असतात. हे तिघे, म्हणजे लेफ्ट विंग, सेंटर आणि राइट विंग, मिळून एक लाइन. पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, तोवर पुढची लाइन उतरलेली असते. अशा चार लाइनी. त्यामुळे तुलना बारा जणांची बारा जणांशी नसते. चार त्रिकुटांची चार त्रिकुटांशी असते, आणि कुठलं त्रिकूट कुणासमोर उतरणार हा निम्मा खेळ असतो. हे वाक्य मी आज सहज लिहिते आहे. त्या रविवारी ते मला फक्त ऐकून माहीत होतं.

माझी पहिली लाइन अशी: डावीकडे बर्ट ओल्मस्टेड, मध्ये जाँ बेलिवो, उजवीकडे बर्नी जेफ्रिऑन. हे तिघे माँट्रियल कॅनेडियन्ससाठी १९५५-५६ मध्ये खरोखर एकत्र खेळले होते. त्या वर्षी माँट्रियलने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचा करंडक, जिंकला, आणि पुढची चार वर्षंही सोडला नाही. बेलिवो मला पहिल्या फेरीत सातव्या नंबरावर मिळाला. ओल्मस्टेडला मी थेट बाराव्या फेरीत, १८६ वा घेतला, आणि त्या निवडीचा मला आजही अभिमान आहे.

समोरची पहिली लाइन: वालेरी खार्लामोव, ब्रायन ट्रॉटिये, माइक बॉसी. ट्रॉटिये आणि बॉसी म्हणजे न्यूयॉर्क आयलंडर्सची जोडी, १९८० ते १९८३ सलग चार कप जिंकणारी. त्यांच्या डावीकडे मुळात क्लार्क गिलीज खेळायचा. त्या जागी आता सोव्हिएत संघाचा खार्लामोव. नावं वाचूनच धडकी भरावी अशी लाइन.

सोमवारी मी हिशोबाला बसले. अकाउंट्समध्ये काम करत असल्यामुळे आकडे समोर मांडले की मला धीर येतो. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करायला आमच्यात एक रीत आहे: त्या मोसमात पॉइंटच्या यादीत जो दुसरा आला, त्याच्या पॉइंटनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, आणि असिस्ट म्हणजे गोलाआधी दिलेला पास. पहिल्याने भागत नाहीत, कारण पहिल्या नंबरावर कधी कधी वेन ग्रेट्स्की बसलेला असतो. १९८५-८६ मध्ये त्याचे २१५ पॉइंट होते आणि दुसऱ्या आलेल्या मारिओ लेम्यूचे १४१. ग्रेट्स्कीला मोजपट्टी केलं तर त्या वर्षीचं उरलेलं सगळं जगच बुटकं दिसेल.

भागाकाराची गरज का पडते, याचं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे. १९२८-२९ मध्ये सगळ्यांत जास्त पॉइंट मिळवणाऱ्या एस बेलीचे होते फक्त ३२. लगेच पुढच्या मोसमात कूनी वायलंडचे ७३. एका वर्षात माणसं दुप्पट हुशार झाली नव्हती. १९२९-३० पासून पुढच्या दिशेने पास द्यायला सगळीकडे मोकळीक मिळाली आणि गोलांचा पूर आला. नुसता ७३ चा आकडा बघून बेलीला कमी लेखणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. भागाकार केला की बेलीचे ११० येतात, वायलंडचे ११८. दोघे जवळजवळ शेजारी येऊन बसतात.

तर आमच्या सहा जणांचं एकेक सर्वोत्तम वर्ष मी मांडलं. बेलिवो, १९५५-५६: त्याचे ८८, दुसऱ्या आलेल्या गॉर्डी हाऊचे ७९, म्हणजे १११. जेफ्रिऑन, १९६०-६१: ९५, दुसरा बेलिवो ९०, म्हणजे १०६. ओल्मस्टेड १९५५-५६ मध्ये चौथा होता: ७० पॉइंट, म्हणजे ८९. पलीकडे ट्रॉटियेचे १९७८-७९ चे १३४, दुसऱ्या मार्सेल डियॉनचे १३०, म्हणजे १०३. बॉसी १९८१-८२ मध्ये १४७ पॉइंट घेऊन स्वतःच दुसरा होता, म्हणून बरोबर १००.

यावरून जेफ्रिऑन बॉसीपेक्षा वरचढ ठरतो. पण मी तसं लिहिलं नाही, कारण ते खरं नाही. जेफ्रिऑनने पन्नास गोल एकाच मोसमात केले. बॉसीने सलग नऊ मोसम पन्नास किंवा त्याहून जास्त केले. एका चांगल्या वर्षाने माणूस मोजायचा नसतो, म्हणून पुढे सात-सात मोसमांची सरासरी काढली, आणि उजवी बाजू निमूटपणे समोरच्यांना देऊन टाकली.

राहिला खार्लामोव. त्याच्या रकान्यात काय लिहायचं? एनएचएलमध्ये तो कधी खेळलाच नाही. तिथे शून्य लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. मी १९७२ ची कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ ही आठ सामन्यांची मालिका काढून बसले. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये पहिला सामना झाला. कॅनडाला वाटत होतं आपण यांना सहज गुंडाळू. सोव्हिएत संघ ७-३ ने जिंकला, त्यात खार्लामोवचे दोन गोल. सहाव्या सामन्यात बॉबी क्लार्कने त्याच्या घोट्यावर स्टिक मारली आणि सातव्याला तो खेळू शकला नाही. तरी सात सामन्यांत सात पॉइंट, तेही कॅनडाच्या निवडक खेळाडूंसमोर. त्या मालिकेची जुनी चित्रफीत मी सोमवारी रात्री बारापर्यंत बघत होते. पहिल्या सामन्यात तो कॅनडाच्या डिफेन्समनच्या बाहेरून असा काही वेगाने वळसा घालून जातो की आपण सोफ्यावर बसल्या बसल्या मागे रेलतो. डावी बाजूही त्यांचीच.

मंगळवारी रात्री तक्ता पूर्ण झाला. मध्ये मी पुढे, दोन्ही बाजूंना ते पुढे. दोन विरुद्ध एक. आकड्यांनी सांगितलं की पहिली लाइन मी हरले.

बुधवारी संध्याकाळी मुलाची प्रॅक्टिस होती. अकरा वर्षांचा आहे, राइट विंग खेळतो. मी नेहमीसारखी थर्मास घेऊन थंडगार बाकड्यावर बसले होते. शेवटची वीस मिनिटं त्यांची आपापसात मॅच असते, लाल विरुद्ध पांढरे. फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करायला, मुलं उभी राहिली आणि माझं लक्ष सहज माझ्या मुलाच्या खांद्याकडे गेलं. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता पांढऱ्यांचा लेफ्ट विंग. अर्थातच. दोन संघ समोरासमोर तोंड करून उभे असतात, मग माझी उजवी बाजू त्यांच्या डावीलाच येणार! पक, म्हणजे रबराची चकती, खाली पडला, पांढऱ्यांचा तो मुलगा सुसाट सुटला आणि कोच काचेपलीकडून माझ्या मुलाला ओरडला, "तुझा माणूस! तुझा माणूस!"

तीन दिवस मी खार्लामोवशेजारी ओल्मस्टेड ठेवून बघत होते. बर्फावर त्या दोघांची गाठ क्वचितच पडणार होती. खार्लामोवच्या वाटेत येणार होता माझा राइट विंग. ओल्मस्टेड भिडणार होता बॉसीला.

घरी येताना गाडीतच डोक्यात चक्रं फिरायला लागली. जेवणं झाल्यावर तक्ता बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर रिंक काढली. आता प्रश्नच बदलले. कोण जास्त मोठा, हा प्रश्न गेला. पक कोपऱ्यात गेला तर तो बाहेर कोण काढणार? तिघेही पुढे गेलेले असताना पक हातचा सुटला, तर सगळ्यांत आधी मागे कोण येणार?

इथे ओल्मस्टेड मला नव्याने दिसला. १९५५-५६ च्या त्याच्या ७० पॉइंटमध्ये गोल होते फक्त १४ आणि असिस्ट ५६. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच्या आदल्या वर्षीही असिस्टमध्ये तोच पहिला. कोपऱ्यात घुसायचं, अंगावर माणूस घेऊन बोर्डला, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीला, चिकटलेला पक उकरून काढायचा आणि समोर मोकळ्या उभ्या बेलिवोला द्यायचा, हे त्याचं काम. शाळेत असताना कोल्हापुरात मी कबड्डी खेळले आहे. पकड कोपऱ्याच्या नावावर लागते, पण साखळीत त्याचा हात घट्ट धरणारी मुलगी नसेल तर चढाई करणारी निसटून जाते, हे मला मनगटाने माहीत आहे. ओल्मस्टेड ही ती साखळी.

मग समोर बघितलं. आयलंडर्सच्या खऱ्या लाइनमध्ये कोपऱ्यातली धक्काबुक्की गिलीज अंगावर घ्यायचा. त्याला काढून खार्लामोव आणला, तेव्हा लाइन जास्त देखणी झाली, पण ते काम कुणाकडे गेलं? खार्लामोवला पक वेगात असताना हवा. बॉसीला तो नेमबाजीच्या जागी हवा. दोघांना पक देणारा, तो मिळवणारा आणि वर मागे धावणारा, सगळं एकटा ट्रॉटिये. हे मी लिहिलं आणि त्याखाली हेही लिहिलं की ही तिन्ही कामं करू शकेल असे सेंटर इतिहासात मोजकेच झाले आणि ट्रॉटिये त्यातला एक आहे. ते लिहिलं नसतं तर मला स्वतःलाच माझा कागद पटला नसता.

आणि माझी तिसरी लाइन एकदम जिवंत झाली. बॉब गेनी, गी कार्बोनो, क्लॉड प्रोव्हो. गोल अडवायलाच घेतलेले तिघे. बचाव उत्तम करणाऱ्या फॉरवर्डसाठी सेल्की करंडक १९७७-७८ मध्ये सुरू झाला आणि पहिली चारही वर्षं तो गेनीला मिळाला. लेफ्ट विंग, म्हणजे बॉसीच्या वाटेवर. कार्बोनोला तोच करंडक तीनदा. १९९३ च्या अंतिम मालिकेत पहिला सामना हरल्यावर ग्रेट्स्कीला सांभाळायचं काम त्याने घेतलं आणि माँट्रियलने पुढचे चारही सामने जिंकले. प्रोव्हो राइट विंग. बॉबी हलसारख्या डावीकडून येणाऱ्या तोफेच्या मागे सावलीसारखा राहण्यासाठीच तो ओळखला जायचा. खार्लामोववर सोडायला याहून योग्य माणूस मला सापडला नसता. तिघांनाही मी ड्राफ्टमध्ये निव्वळ चांगले म्हणून घेतलं होतं. ते कुणासमोर उभे राहणार हे मला बुधवारी रात्री कळलं.

गुरुवारी दुपारी प्रतिस्पर्ध्यांचा फोन आला. सत्तरीच्या आसपासचे, निवृत्त, माँट्रियलमध्ये वाढलेले गृहस्थ, लहानपणी फोरममध्ये, म्हणजे कॅनेडियन्सच्या जुन्या रिंकवर, बेलिवोला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले. युक्तिवाद पाठवण्याआधी एकमेकांशी बोलायला आमच्यात मुभा आहे आणि त्यांना बोलायला फार आवडतं. मी उत्साहाने प्रोव्होचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "छान आहे. पण सातपैकी चार सामने माझ्या रिंकवर आहेत. शेवटचा बदल माझा."

खेळ थांबला की पाहुण्या संघाने आधी आपली लाइन उतरवायची असते. यजमान ती बघून आपली उतरवतो. त्यांचं मानांकन माझ्या वरचं होतं. म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या सामन्यात मी प्रोव्होला बर्फावर पाठवलं की ते खार्लामोवला बाकावर बसवून ठेवणार.

दुसरा मुद्दा त्यांनी आणखी हळुवारपणे मांडला. "बेलिवोच्या त्या ८८ मध्ये बोस्टनविरुद्धची ती ४४ सेकंदं आहेत, बरं का." ५ नोव्हेंबर १९५५. बेलिवोने एकाच पॉवर प्लेमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे समोरचे खेळाडू कमी असताना, ४४ सेकंदांत तीन गोल केले होते. तेव्हा नियम असा होता की शिक्षा झालेल्या खेळाडूने पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसायचं, मग तेवढ्यात कितीही गोल होवोत. माँट्रियलने या नियमाची इतकी लूट केली की पुढच्या मोसमापासून एक गोल झाला की त्याला आत येऊ द्यायला लागले. म्हणजे माझ्या लाइनच्या सर्वांत चांगल्या वर्षाला एका नियमाचा हातभार होता.

फोन ठेवल्यावर थोडा वेळ मी नुसती बसून होते. मग दोन्ही मुद्दे युक्तिवादात जसेच्या तसे घेतले. ४४ सेकंदांबद्दल लिहिलं की नियम हाऊलाही तोच होता, त्यामुळे भागाकारात त्याचा बराचसा भाग निघून जातो. पण सगळा जात नाही, कारण तेव्हा माँट्रियलइतका पॉवर प्ले दुसऱ्या कुणाकडे नव्हता. बेलिवोचा १११ मी खाली आणला आणि का आणला ते सांगितलं.

शेवटच्या बदलाला मात्र उत्तर शोधावं लागलं, आणि ते मिळालं दुसऱ्या लाइनमध्ये. त्यांच्या रिंकवर ट्रॉटियेची लाइन माझ्या कुठल्याही लाइनसमोर येऊ शकते, तेव्हा जी लपवावी लागेल अशी लाइनच माझ्याकडे असता कामा नये. माझी दुसरी लाइन डिकी मूर, सर्गेई फेडोरोव, सर्गेई माकारोव. फेडोरोवने १९९३-९४ मध्ये १२० पॉइंट केले, सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक घेतला आणि त्याच वर्षी बचावाचा सेल्कीही. ट्रॉटियेसमोर उभा करायला मला तो कार्बोनोइतकाच चालतो, वर तो गोलही करतो. मूर १९५७-५८ मध्ये मनगटाला प्लास्टर घालून खेळला आणि तरीही पॉइंटमध्ये पहिला आला. माकारोव सोव्हिएत लीगमध्ये नऊ वेळा पॉइंटमध्ये पहिला होता. एकतिसाव्या वर्षी एनएचएलमध्ये येऊन त्याने सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक पटकावला आणि त्यानंतर त्या करंडकाला वयाची अटच घालावी लागली.

त्यांची दुसरी लाइन होती न्यूयॉर्क रेंजर्सची जुनी ब्रेड लाइन: बन कुक, फ्रँक बूशे, बिल कुक. डावीकडे धाकटा भाऊ, उजवीकडे मोठा भाऊ आणि मध्ये बूशे. ही तुलना करताना मला फार आनंद झाला, ते खरं सांगते. १९२६-२७ मध्ये बिल कुकचे ३३ गोल आणि फक्त ४ असिस्ट, तरी ३७ पॉइंट घेऊन लीगमध्ये पहिला. त्या काळी असिस्ट किती हात आखडून देत, ते या एका ओळीत दिसतं. १९३३ चा कप त्याच्याच ओव्हरटाइममधल्या गोलने आला. बूशेला सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक आठ वर्षांत सात वेळा मिळाला आणि शेवटी मूळ करंडकच त्याला घरी देऊन टाकला. हे तिघे दहा मोसम एकत्र खेळले. डोळे मिटून पास देण्याची ती सवय माझ्या तिघांकडे नाही. फेडोरोव आणि माकारोव मॉस्कोच्या सीएसकेएमध्ये तीनेक मोसम एका संघात होते, तेवढीच काय ती ओळख. पण एकेका जागेचं बघितलं तर डावीकडे मूर बन कुकच्या स्पष्ट पुढे, मध्ये दोघे तुल्यबळ, उजवीकडे बिल कुक थोडा पुढे. बरोबरी, असं मी लिहिलं.

चौथ्या लाइनींवर दोन ओळी. दोन्ही संघांच्या चौथ्या लाइनी पेनल्टी किलसाठी, म्हणजे शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असताना गोल अडवण्यासाठी, होत्या आणि त्यांच्यात कुणी हरणार-जिंकणार नव्हतं.

शुक्रवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी कागद पाठवला. पहिल्या परिच्छेदात मी काय काय हरते आहे ते: दोन्ही विंगांवरची गुणवत्ता, घरचे चार सामने. त्यानंतर ओल्मस्टेड. मुलगा पाणी प्यायला उठला होता, त्याने स्क्रीनवर डोकावून विचारलं, "आई, हा ओल्मस्टेड कोण?" मी म्हटलं, "कोपऱ्यात जाणारा." त्याला तेवढं पुरलं.

आठ विरुद्ध सहा मतांनी मी हरले. मालिका सात सामन्यांची ठरली. माझ्या विरोधात मत देणाऱ्या आठांपैकी पाच जणांनी सातव्या सामन्यातला शेवटचा बदल हे कारण दिलं आणि मी मतदार असते तर मलाही ते डावलता आलं नसतं. माझ्या सहांपैकी चौघांनी ओल्मस्टेडचं नाव घेतलं. प्रतिस्पर्ध्यांनी रात्री निरोप पाठवला की पुढच्या वेळी ते गिलीजला सोडणार नाहीत.

नव्या ड्राफ्टची सोडत गेल्या आठवड्यात निघाली. मला तिसरा नंबर आला आहे. ग्रेट्स्की आणि बॉबी ऑर आधी जातील, म्हणजे गॉर्डी हाऊ माझा. उजवीकडे त्याचं नाव लिहून ठेवलं आहे. १९४९-५० मध्ये डेट्रॉइटच्या ज्या लाइनमध्ये तो होता, तिचे तिघेच्या तिघे पॉइंटमध्ये पहिले, दुसरे, तिसरे आले होते: टेड लिंडसे ७८, सिड एबल ६९, हाऊ ६८. एबल उशिरा मिळेल. लिंडसे, डावीकडचा, कोपऱ्यातून पक घेऊनच बाहेर येणारा, तो माझी दुसरी निवड येईपर्यंत, म्हणजे तिसाव्या नंबरापर्यंत, शिल्लक राहतो का, एवढाच घोर आहे.